पूर निवारा केंद्र: नोंदणीच्या टेबलापासून घरी परतेपर्यंत

कृष्णा-पंचगंगेच्या काठावर निवारा केंद्र उघडायची वेळ बहुतेकदा रात्रीच येते. कोल्हापुरात पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट ही इशारा पातळी आणि ४३ फूट धोका पातळी. सांगलीत आयर्विन पुलापाशी हेच आकडे ४० आणि ४५. पाणी इशारा पातळीला टेकले की शाळेच्या किल्ल्या, संडासांच्या किल्ल्यांसकट, हातात हव्यात. धोका पातळी येईपर्यंत म्हातारी माणसे, बाळंतिणी आणि जनावरे हललेली हवीत.

दुसरी गोष्ट मुक्कामाची. २०१९च्या ऑगस्टमध्ये आयर्विनला पाणी ५७ फुटांवर गेले, २०२१च्या जुलैत राजाराम बंधाऱ्याला ५६ फुटांवर. दोन्ही वेळा पुणे-बंगळूर महामार्ग शिरोलीपाशी पाण्याखाली गेला आणि टँकर, गॅस, पेट्रोल, भाजी सगळेच अडकले. कोल्हापूर शहराच्या पाणी योजनेचे पंपसुद्धा पुरात बुडाले. दोन रात्रींचा प्रश्न आहे असे समजून लावलेले केंद्र तिसऱ्या दिवशी हमखास कोलमडते. आठ दिवसांचा हिशेब धरून सुरुवात करा; लवकर संपले तर उत्तमच.

खाली दिलेले आकडे साधारण ३०० माणसांच्या केंद्रासाठी आहेत. तलाठी, ग्रामसेवक, मुख्याध्यापक, आशा, अंगणवाडी सेविका आणि तरुण मंडळांची पोरे यांनी मिळून चालवायचे केंद्र डोळ्यांसमोर ठेवले आहे.

जागेत किती माणसे मावतात

राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचा निकष माणशी साडेतीन चौरस मीटर छताखालच्या जागेचा आहे. शाळेची २० बाय २४ फुटांची खोली म्हणजे ४५ चौरस मीटरच्या आतबाहेर, म्हणजे १२-१३ माणसे. आठ खोल्यांच्या जिल्हा परिषद शाळेत या हिशेबाने १०० माणसे बसतात. पहिल्या रात्री खोलीत २५ जण झोपतील, त्याला इलाज नसतो. पण तीच अवस्था पुढे आठ दिवस ठेवली तर खोकला, खरूज आणि भांडणे तिन्ही वाढतात. म्हणून ३०० माणसांसाठी शाळेबरोबर मंगल कार्यालय किंवा समाजमंदिर आधीच बोलून ठेवा आणि पहिले केंद्र भरले की माणसे कुठे पाठवायची हे दारावरच्या माणसाला माहीत असू द्या. चिखली-आंबेवाडीच्या मंडळींना सोनतळी ठाऊक असते, शिरोळ तालुक्यातल्या कित्येक गावांना साखर कारखान्याचे आवार. पण तुमच्या गावातल्या नव्या भाडेकरूंना, ऊसतोड किंवा वीटभट्टीवरच्या कुटुंबांना काहीच ठाऊक नसते. ती कुटुंबे नदीकाठच्या सखल जागेत राहतात आणि बहुतेक वेळा कुठल्याच यादीत नसतात. त्यांच्या वस्तीवर माणूस पाठवावा लागतो.

केंद्र निवडताना इमारत उंचावर आहे का एवढेच बघितले जाते. तिथे जाणारा रस्ता कुठल्या ओढ्यावरून जातो, हेही बघा. इमारत कोरडी राहून पुढचा पूल बुडाला तर केंद्राचे बेट होते आणि टँकरही येत नाही, रुग्णवाहिकाही येत नाही.

दारातली नोंद: दीड मिनिटाची

सगळ्या केंद्राचा जीव या टेबलात आहे. नोंदवही चांगली असेल तर स्वयंपाक, औषध, वैरण, पुढे पंचनामा, सगळे सोपे जाते. ती बिघडली की प्रत्येक टप्प्यावर अंदाजाने काम होते आणि अंदाजात नेहमी न बोलणारी माणसे मागे पडतात.

नोंद दोन टप्प्यांत करा. भिजलेली माणसे, कडेवर लेकरू, हातात गठुळे, अशा वेळी लांबलचक फॉर्म भरायला लावला की दारात रांग लागते आणि लोक पावसात उभे राहतात. मग कोणीतरी म्हणतो, "जाऊ दे आत, नंतर लिहू," आणि त्या कुटुंबांची नोंद कधीच होत नाही. म्हणून दारात फक्त सहा गोष्टी विचाराव्यात:

१. कुटुंबातल्या एका मोठ्या माणसाचे नाव आणि मोबाइल नंबर
२. गाव, गल्ली किंवा मळा
३. आत्ता सोबत किती माणसे: पुरुष, बायका, पाच वर्षांखालची मुले
४. आत्ता कोणी आजारी, गरोदर किंवा चालता न येणारे आहे का
५. जनावरे आणली का, किती
६. घरातले कोणी मागे राहिले का, कुठे

कुटुंब म्हणजे एक चूल. रेशनकार्ड एक असून दोन भाऊ वेगळे राहत असतील तर दोन नोंदी करा. एकाच नावावर दहा-अकरा माणसे घातली की नंतर चटया वाटताना आणि पंचनाम्यात वाद होतात.

प्रत्येक चुलीला एक नंबर द्या आणि जाड पुठ्ठ्याच्या कार्डावर तो ठळक लिहून हातात द्या. हाच नंबर खोलीच्या यादीत, औषधाच्या चिठ्ठीवर, सामानाच्या पोत्यावर आणि जनावरांच्या वहीत चालवायचा. स्वयंपाकघराचा वेगळा नंबर, दवाखान्याचा वेगळा नंबर असे केले की दुसऱ्या दिवशी कोणाचा कोण ते लागत नाही. नोंद शिवलेल्या वहीत करा. सुटे कागद भिजतात, उडतात आणि साहेब आले की त्यांच्या हातात जातात. पेन बॉलपेनच हवे. शाईचे पेन ओल्या हाताने पुसले जाते. पान भरले की त्याचा फोटो काढून केंद्रप्रमुखाच्या मोबाइलवर पाठवून ठेवा.

वहीतली एक ओळ अशी दिसावी: "४७ | नाव, मो. नं. | कुरणातला मळा | पु. २, बा. ३, मूल १ | सासू, साखर, इन्सुलिन | म्हशी २, रेडकू १ | सासरे वरच्या मजल्यावर राहिलेत." एवढ्या ओळीवरून दवाखाना, वैरण आणि बचाव पथक अशा तीन ठिकाणी काम सुरू होते.

सहावा प्रश्न सर्वांत मोलाचा आहे आणि नेमका तोच विचारायचा राहतो. म्हशीपाशी थांबलेला नवरा, "मी नाही येत" म्हणून माळ्यावर बसलेली म्हातारी, यांची नावे, घराची खूण आणि कोणता मजला हे वेगळ्या पानावर उतरवा आणि दर दोन तासांनी तहसीलच्या किंवा जिल्ह्याच्या नियंत्रण कक्षाला, १०७७ वर, वाचून दाखवा. बोटीला "गावात लोक अडकलेत" हे सांगून उपयोग नसतो. "मारुती मंदिरामागचे दुमजली घर, पत्र्याचा जिना बाहेरून, दोन माणसे, एकाला चालता येत नाही," असे सांगितले की बोट थेट तिथे जाते.

आधार किंवा रेशनकार्ड नाही म्हणून कोणालाही दारात अडवायचे नाही. कागदपत्रांचे नंतर बघता येते.

टेबलावर दोघे बसवा, त्यातली एक बाई असू द्या. गरोदरपण, पाळी, अंगावर पाजणे या गोष्टी पुरुषासमोर बायका सांगत नाहीत, विशेषतः सासरा शेजारी उभा असताना.

दुसरी नोंद: चहानंतर

माणसे कोरडी झाली, चहा पोटात गेला, जागा मिळाली, की खोलीखोलीत जाऊन सविस्तर नोंद करा. हे काम आशा आणि अंगणवाडी सेविका यांच्याइतके चांगले कोणी करत नाही. त्यांना घरे माहीत असतात. पहिल्या रात्री जमेल तेवढे आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत पूर्ण, हे ध्येय ठेवा.

यात प्रत्येक माणसाचे नाव, वय, लिंग येते. त्यापुढे: रोजची गोळी कोणती आणि किती दिवसांची शिल्लक आहे, गरोदर असेल तर कितवा महिना, सहा महिन्यांखालचे बाळ, टीबीचे औषध चालू आहे का, फिट येते का, डायलिसिसवर कोण आहे, दिसणे, ऐकणे, चालणे यांतली अडचण. "काही आजार आहे का?" असे विचारले तर उत्तर "नाही" येते. "गोळ्या कुठल्या घेताय? आणल्यात का?" असे विचारा म्हणजे डबा बाहेर येतो.

एचआयव्हीची औषधे, टीबी, नुकताच झालेला गर्भपात अशा गोष्टी मुख्य वहीत लिहू नका. वैद्यकीय अधिकाऱ्याच्या वहीत फक्त चुलीचा नंबर आणि गरज जावी. भिंतीवर लावायच्या यादीत नाव, गाव आणि खोली, एवढेच. याद्यांचे फोटो गावाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकायचे नाहीत.

बाहेर पडणाऱ्यांची नोंद हा कायमचा कच्चा दुवा आहे. लोक दुसऱ्या दिवशी पाहुण्यांकडे निघून जातात, सांगत नाहीत, आणि वहीत ३०० असताना जेवायला २१० असतात. दारावर "गेले" अशी वेगळी वही ठेवा: नंबर, किती जण, कुठे, फोन. आणि रात्री नऊ वाजता खोलीखोलीत डोकी मोजा. रात्रीचा हा आकडाच उद्याच्या स्वयंपाकाला आणि तहसीलला जायचा.

खोल्या कशा लावायच्या

एका गल्लीची माणसे एका खोलीत ठेवली तर एकमेकांच्या मुलांवर आणि सामानावर लक्ष राहते. एकट्या बायका आणि वयात आलेल्या मुली असलेली कुटुंबे संडासाच्या वाटेजवळच्या, उजेडातल्या खोलीत ठेवा. चालता न येणाऱ्यांना तळमजला आणि दाराजवळची जागा. एक लहान खोली अंगावर पाजणाऱ्या आयांसाठी आणि कपडे बदलण्यासाठी राखून ठेवा, तिला आतून कडी हवी. हे सगळे पहिल्या तासात ठरले नाही तर जो आधी येतो तो पंख्याखालची जागा धरतो आणि नंतर कोणी हलत नाही.

जातीवरून, धर्मावरून "आम्हाला वेगळी खोली द्या" अशी मागणी येते. गल्लीप्रमाणे खोली हा नियम सगळ्यांना सारखा लावा आणि त्यावर ठाम राहा. पाण्याच्या टाकीवर आणि पंगतीत तर याबाबत अजिबात सूट देऊ नका.

पाणी आणि संडास

प्राधिकरणाचा निकष माणशी रोज ३ लिटर पिण्याचे पाणी आणि किमान १५ लिटर अंघोळ-संडासासाठी असा आहे. ३०० माणसांना ९०० अधिक ४,५००, म्हणजे ५,४०० लिटर. त्यात स्वयंपाक आणि भांडी धरली तर रोजचा दहा हजार लिटरचा एक टँकर लागतोच. जनावरांचे पाणी यात नाही.

टँकरचे पाणी आले म्हणून ते शुद्ध आहे असे धरू नका. १,००० लिटर पाण्याला ५ ग्रॅम चांगली टीसीएल (ब्लीचिंग) पावडर, म्हणजे साधारण एक चहाचा चमचा. पावडर थेट टाकीत ओतायची नाही. बादलीत थोड्या पाण्यात कालवा, चुना खाली बसू द्या, वरचे निवळ पाणी टाकीत टाका, ढवळा आणि अर्धा तास थांबा. मग ओटी चाचणी करा, म्हणजे थोड्या पाण्यात ऑर्थोटोलिडीनचे थेंब टाकून बघा. पाणी पिवळे झाले तर क्लोरीन आहे. रंग आला नाही तर बहुधा पावडर जुनी आहे. तोंड उघडे राहिलेल्या पोत्यातली टीसीएल पावसाळ्यात लवकर उतरते. पाणी गढूळ असेल तर आधी तुरटी फिरवून गाळ बसू द्या, कारण गाळच क्लोरीन खाऊन टाकतो. चाचणी रोज सकाळी आणि टँकर आल्यावर प्रत्येक वेळी करा, आणि वेळेसह लिहून ठेवा.

पिण्याच्या पाण्याला तोटीचे पिंप किंवा जार वापरा. उघड्या पिंपात सगळ्यांचे तांबे बुडाले की टीसीएलचा उपयोग उरत नाही.

संडास ३० माणसांमागे एक, म्हणजे ३०० जणांना दहा. शाळेत सहसा चार असतात, त्यातले दोन लहान मुलांच्या मापाचे आणि एक कुलपात. नगरपालिकेकडून किंवा कारखान्याकडून फिरती शौचालये पहिल्याच दिवशी मागवा. रस्ता बुडाल्यावर ती येत नाहीत. दहापैकी सहा तरी बायकांना द्या, त्यांना वेळ जास्त लागतो आणि मुलेही त्यांच्याबरोबर जातात. दारात बॅरल, मग, साबण; आत चालू कडी; वाटेवर रात्रभर दिवा. अंधारी वाट असेल तर बायका संध्याकाळपासून पाणी पिणे बंद करतात आणि चौथ्या दिवशी लघवीच्या जळजळीच्या तक्रारी सुरू होतात. सॅनिटरी नॅपकिन कागदी पिशव्यांसह बाईच्याच हातून, रांग न लावता द्या आणि वापरलेल्यांसाठी झाकणाचा डबा ठेवा.

पावसाळ्यात जमिनीखालचे पाणी वर आलेले असते, त्यामुळे शोषखड्डा मुरत नाही आणि दोन दिवसांत संडास तुंबतात. केंद्र उघडण्याआधी टाकीचे झाकण काढून बघा. अर्धी भरलेली असेल तर तेव्हाच उपसून घ्या. सफाई दिवसातून चार वेळा आणि करणाऱ्यांना गमबूट, हातमोजे द्यायचेच. हे काम गावातल्या एकाच वस्तीवर ढकलू नका, मजुरी ठरवून पैसे द्या.

स्वयंपाक

शालेय पोषण आहाराचे स्वयंपाकघर चालते. सिलिंडर वर्गखोलीत किंवा व्हरांड्यात नको, आणि जनरेटर तर माणसे झोपतात तिथून लांब, मोकळ्या हवेत. त्याचा धूर बंद खोलीत जीव घेतो.

पहिल्या रात्री गरम खिचडी. ३०० जणांना ३० किलो तांदूळ, १२ किलो मूगडाळ, ३ लिटर तेल. सकाळी पोहे २० किलो. चहाला एका वेळेस १५ लिटर दूध, तेवढेच पाणी, ३ किलो साखर, पाऊण किलो पावडर. निकष मोठ्या माणसाला दिवसाला २,४०० कॅलरींचा आहे आणि दोन वेळच्या नुसत्या खिचडीने तो गाठत नाही. शिवाय तिसऱ्या दिवसापासून भाकरी खाणारी माणसे अर्धपोटी उठतात. शेजारच्या कोरड्या गावांना निरोप द्या: घरटी दहा भाकरी आणि कोरडी चटणी. हे आपल्याकडे मागितले की मिळते, आणि भाकरी टिकतेही. केंद्रातल्या बायका स्वयंपाकाला हात लावायला स्वतःहून येतात. त्यांना येऊ द्या, कामात मन रमते. सक्ती मात्र नको.

बाहेरून शिजवलेले अन्न येते तेव्हा "कधी बनवले?" हा पहिला प्रश्न. चार तासांपेक्षा जास्त झाले असतील तर आभार मानून परत पाठवा. दहीभात, ओल्या खोबऱ्याची चटणी, अंड्याचे पदार्थ घ्यायचेच नाहीत. किती वाजता, कोणाकडून, काय आले ते लिहा. उद्या जुलाब लागले तर शोध तिथून सुरू होतो. देणाऱ्यांना वेळा वाटून द्या, नाहीतर दुपारी एकला पाच ठिकाणचे पुलाव येतात आणि रात्री काहीच नसते.

बाळांसाठी दुधाची पावडर आणि बाटल्या देणगीत आल्या तर सरसकट वाटू नका. पुरातल्या पाण्यात बाटली नीट धुतली जात नाही आणि तान्हे बाळ जुलाबाने दोन दिवसांत कोमेजते. अर्भकाच्या दुधाच्या पर्यायांचे फुकट वाटप १९९२च्या कायद्यानेही रोखले आहे. आईला पोटभर जेवण, पाणी आणि आडोसा द्या. आई नाही किंवा पाजू शकत नाही अशा बाळाचे वैद्यकीय अधिकारी ठरवतील, वाटी-चमच्याने.

औषधे आणि आजार

दुसऱ्या नोंदीतून तीन याद्या लगेच काढा. पहिली, आठव्या-नवव्या महिन्यातल्या बायका आणि डायलिसिसवरचे रुग्ण: रस्ता चालू आहे तोवर १०८ बोलावून शहरात हलवा, "कळा सुरू झाल्यावर बघू" असे म्हणू नका. दुसरी, ज्यांच्या गोळ्या तीन दिवसांत संपणार आहेत ते. तिसरी, इन्सुलिन: प्राथमिक आरोग्य केंद्राच्या फ्रिजमध्ये नावासह, किंवा ओल्या फडक्याने गुंडाळलेल्या मडक्यात. बर्फावर ठेवू नका, गोठले की वाया गेले.

पुराच्या पाण्यातून चालत आलेल्यांना लेप्टोचा (लेप्टोस्पायरोसिस, उंदरांच्या लघवीतून पसरणारा ताप) धोका असतो. आठवड्यातून एकदा २०० मिलिग्रॅम डॉक्सीसायक्लीन दिली जाते, पण ती वैद्यकीय अधिकाऱ्याने द्यायची; गरोदर बायका आणि आठ वर्षांखालच्या मुलांना ती देत नाहीत. पोत्याने गोळ्या आल्या म्हणून कार्यकर्त्यांनी वाटत सुटू नये. ताप आणि पोटऱ्या दुखत असतील तर त्याच दिवशी दाखवा.

जुलाब लागला की ओआरएस, एक पाकीट एक लिटर शुद्ध पाण्यात, चोवीस तासांत संपवायचे. मुलांना सोबत १४ दिवस झिंक. एकाच दिवशी एकाच खोलीत तिघा-चौघांना लागले तर पाण्याची ओटी चाचणी पुन्हा करा आणि आरोग्य केंद्राला लगेच कळवा. पायाच्या चिखल्या जवळजवळ सगळ्यांना होतात. पाय कोरडे ठेवणे आणि मलम एवढ्यावर भागते. साप चावला तर कापणे, आवळून बांधणे, मांत्रिक काही नको. हातपाय स्थिर ठेवून लस असलेल्या ग्रामीण रुग्णालयात. अशी लस कुठे आहे आणि कोणता रस्ता चालू आहे हे रोज सकाळी फळ्यावर लिहा.

घर, दुभते जनावर, उभे पीक गेलेला माणूस गप्प बसून राहतो, जेवत नाही. अशा माणसाला एकटे सोडू नका. टेलि-मानसचा १४४१६ हा नंबर भिंतीवर ठेवा आणि फोन लावून द्या.

जनावरे

म्हशीची सोय नसेल तर माणूस घर सोडत नाही, हे या पट्ट्यात गृहीत धरा. जनावरांची छावणी केंद्रापासून हाकेच्या अंतरावर पण स्वयंपाकघर आणि पाण्याच्या वाऱ्याखाली असावी. धनी दिवसातून चार फेऱ्या मारणारच.

जनावराच्या कानातल्या बिल्ल्यावरचा बारा आकडी क्रमांक वहीत उतरवा, पुढे चुलीचा नंबर. बिल्ला नसेल तर रंग, शिंगे, खूण आणि मोबाइलवर फोटो. पाणी ओसरताना सुटलेल्या जनावरांवरून होणारी भांडणे या एका वहीने मिटतात, आणि दगावलेल्या जनावराच्या भरपाईलाही ती लागते.

मोठ्या जनावराला रोज साधारण १५ किलो ओली वैरण आणि ४०-५० लिटर पाणी. पुरात मिळतात ते बहुधा उसाचे वाडे (हिरवे शेंडे) आणि कापलेला ऊस. नुसत्या वाड्यांनी जनावराच्या अंगातला चुना कमी होतो, दुभती म्हैस तर लवकर ढासळते. वाड्यांवर चुन्याची निवळी शिंपडा, क्षार मिश्रण द्या आणि जमेल तसा कडबा मिसळा. पुराचा गाळ बसलेली वैरण धुऊनच घाला. घटसर्प, फऱ्या या जनावरांच्या रोगांची लस झाली आहे का ते विचारा. पशुवैद्यकीय मदतीसाठी १९६२. दूध संकलन बंद पडले असेल तर छावणीतले दूध केंद्राच्या स्वयंपाकघराने विकत घ्यावे: चहाचा प्रश्न सुटतो, धन्याच्या हातात चार पैसे पडतात.

मदतीचे साहित्य, मुले, रात्र

जुने कपडे घेऊ नका. न धुतलेल्या, फाटक्या कपड्यांचे ढीग शेवटी पंचायतीलाच उचलावे लागतात. लागते ते असे: नवी अंतर्वस्त्रे सर्व मापांत, परकर, टॉवेल, चटया, चादरी, साबण, मेणबत्त्या, मच्छर अगरबत्ती, बादल्या. यादी फळ्यावर लिहा, रोज बदला आणि देणाऱ्याला फोटो पाठवा. भांडाराची किल्ली एकाकडेच आणि आवक-जावक वही दररोज बंद. वाटप चुलीच्या नंबरानुसार, खोलीत जाऊन. मैदानात गाडी उभी करून फेकाफेकी झाली की म्हातारे आणि बायका रिकाम्या हाताने परततात. घेणाऱ्यांचे फोटो काढायला मनाई करा, कोणी कितीही मोठा असला तरी.

एकटे मूल आले तर नोंद वेगळी करा, अंगणवाडी सेविकेच्या ताब्यात द्या आणि १०९८ ला कळवा. "मी मामा आहे" म्हणणाऱ्याला खातरजमा केल्याशिवाय मूल द्यायचे नाही. मुलाला त्याच्यासमोर उभे करून "हा तुझा मामा का?" असे विचारूही नका, भ्यालेले मूल मान डोलावते. मामाला त्याची आई, गल्ली, शाळा विचारा, आणि मुलाकडून वेगळे विचारा.

रात्रीची पाळी दोन पुरुष, दोन बाया. दारू पिऊन येणाऱ्याला बायका-मुलांच्या खोलीत पाठवू नका, बाहेरच्या व्हरांड्यात झोपवा. बाईने तक्रार केली तर ती रात्रीच नोंदवा, ११२ किंवा १८१ लावा, सकाळची वाट बघू नका. मोबाइल चार्जिंगला एक फळी, त्यावर चुलीच्या नंबरांचे कप्पे आणि एक राखणदार. फोन हरवला की माणसाचे बँकेचे, नातेवाइकांचे सगळेच बंद पडते.

परत पाठवताना

पाणी उतरले की लोक घाई करतात. आधी गावातून चौघांना पाठवून रस्ता, भिंती आणि विजेची पाहणी करून घ्या. भिजलेल्या मातीच्या भिंती पाणी ओसरल्यावर, ऊन पडल्यावर ढासळतात, त्यामुळे मातीच्या घरात पहिल्या काही रात्री झोपू देऊ नका. महावितरणने तपासल्याशिवाय घरातला मेन स्विच चढवायचा नाही. विहिरी आणि हातपंपांत टीसीएल पडलेली आहे हे ग्रामसेवकाकडून कळल्यावरच पाणी प्यायचे. अडगळ हलवताना हातात काठी हवी, साप घरात शिरलेले असतात.

निघताना प्रत्येक चुलीला फिनेल, टीसीएलची पुडी, खराटा, घमेले, हातमोजे आणि चार दिवसांचा शिधा द्या. चिखल उपसण्याआधी घराचे, भांड्यांचे, भिंतीवरच्या पाण्याच्या खुणेचे फोटो काढायला सांगा. पंचनाम्याला तलाठी येईपर्यंत लोक घर धुऊन स्वच्छ करतात आणि मग दाखवायला काही उरत नाही. केंद्रात कधी आले, कधी गेले याची सही-शिक्क्याची चिठ्ठी द्या, कारण घर किती दिवस पाण्यात होते हा प्रश्न अनुदानाच्या वेळी निघतोच. कागदपत्रे वाहून गेलेल्यांची यादी त्याच दिवशी तहसीलला द्या: रेशनकार्ड, सातबारा, पासबुक, मुलांचे दाखले, अपंगत्वाचे प्रमाणपत्र.

ज्यांचे घरच उरले नाही अशी आठ-दहा कुटुंबे शेवटी राहतात. शाळा सुरू करायची म्हणून त्यांना घाईने बाहेर काढले जाते. त्यांच्यासाठी समाजमंदिर किंवा भाड्याची खोली कोण देणार हे लेखी ठरेपर्यंत एक खोली त्यांच्याकडे राहू द्या.

मग शाळा धुऊन, संडासाची टाकी उपसून, तुटलेल्या कड्या आणि तोट्या बसवून मुख्याध्यापकांना लेखी परत करा. वह्यांची एक प्रत ग्रामपंचायतीत, एक तहसीलला. किती तांदूळ लागला, कुठला रस्ता कधी बंद पडला, कोणत्या वस्तीवर निरोप पोचला नाही, हे त्याच आठवड्यात लिहून पुढच्या मे महिन्यातल्या पूर नियोजनाच्या बैठकीच्या फाइलला लावा.